मशरूमच्या पिशवीत हिरवी बुरशी: दोष स्पॉनचा (दाण्यांवर वाढवलेल्या मशरूमच्या बियाण्याचा) की काडाचा (पेंढ्याचा)?
'हिरवी बुरशी आली म्हणजे स्पॉनच खराब' असं म्हणतात, ते दर वेळी खरं नसतं. स्पॉन दूषित असेल तर डाग बहुधा दाण्यांभोवतीच सुरू होतात. पिशवीच्या तळाशी पाणी साचून तिथे हिरवं पडत असेल, तर काड नीट निथळलेलं नाही. धिंगरीसाठी (ऑयस्टर मशरूमसाठी) काडाचे ३-५ सेंमी तुकडे भिजवून ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा. तापमान कडेच्या पाण्याचं नको, काडाच्या मधोमध मोजा (फसगत इथेच होते). निथळल्यावर मूठभर काड घट्ट दाबा: तळहात ओला व्हावा, थेंब गळू नये. उत्पादन वाढावं म्हणून गव्हाचा कोंडा मिसळत असाल तर नुसतं गरम पाणी पुरत नाही, कोंड्यावर आधी हिरवी बुरशीच ताव मारते.