रशियन 'बोग' आणि आपला 'भग': सख्खे की उसने?

शब्दखोर: रशियन शिकतोय तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. देव म्हणजे बोग, श्रीमंत म्हणजे बगाती आणि दीनवाणा, गरीब तो उबोगी. डिक्शनरीत मूळ प्रोटो-स्लाव्हिक (रशियन, पोलिश, चेक अशा स्लाव भाषांच्या आईचं) रूप *बोगु असं दिलंय, आधी चांदणी. हा आपल्या भगवानातला भगच का? आणि ती चांदणी कशाला?

जुनापाना: चांदणी म्हणजे शब्द तसा कुठे लिहिलेला सापडलेला नाही, पुढच्या भाषांवरून मागे मागे जात बांधलाय. स्लाव लोकांचं लिखाण सुरू झालं ते सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक भाऊ 863 साली मोराव्हियात (आजच्या चेकच्या बाजूला) गेले त्या सुमारास, तोवर मूळ भाषा फुटायला लागलेली. शेवटचा तो उ अगदी ओझरता, आपल्या 'भगः'च्या शेवटाच्या जागचा, आणि पुढे तो गळालाच, पण जाताना आधीचा स्वर लांबवून गेला, आणि त्या लांब ओ चा पोलिश-चेकमध्ये पुढे उ-ऊ झाला. म्हणून पोलिश माणूस देवाला 'बुक' म्हणतो पण चतुर्थीत 'बोगु', चेकमध्ये 'बूह' पण हाक मारायची तर 'बोझे'.

अर्थाचं म्हणाल तर भग म्हणजे आधी वाटा आणि मग वाटा देणारा, ऋग्वेदातला भग हा आदित्य तोच. भाग, भाग्य, भक्त सगळी भज् धातूची पोरं. स्लाव्हिकमध्ये हा जुना अर्थ देवापेक्षा इतर शब्दांत जास्त टिकलाय असं मला वाटतं. बगाती म्हणजे ज्याच्याकडे वाटा आहे तो. उबोगीतला उ म्हणजे आपला 'अव', म्हणजे ज्याचा वाटा गेला तो, आपला अभागीच की! पोलिशमध्ये झ्बोझे म्हणजे धान्य, चेकमध्ये झ्बोझी म्हणजे दुकानातला माल. देव त्यात कुठेच नाही राव.

काठावरचा: सख्खं नातं म्हणायची घाई नको. जुन्या पर्शियनमध्ये 'बग' म्हणजे देवच, आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियन, सार्मेशियन असे इराणी बोलणारे लोक स्लावांचे शेजारी होते. शब्द तिकडून उचलला असेल तर? उच्चारावरून ठरवणं अवघड आहे कारण मूळ भ चा ब इराणीतही होतो आणि स्लाव्हिकमध्येही. पण एक धागा आहे, विंटरचा नियम. बाल्टिक-स्लाव्हिकमध्ये, म्हणजे लिथुआनियनसारख्या बाल्टिक आणि स्लाव भाषांच्या घराण्यात, मूळच्या ग, द असल्या साध्या (घ, ध सारख्या नव्हे) घोष व्यंजनाआधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. त्या हिशोबाने घरचा शब्द 'बागु' सारखा निघून पुढे 'बग' व्हायला हवा होता. झालाय बोग, म्हणजे ऱ्हस्व अ चा नेहमीसारखा ओ, म्हणून काहीजण उसना धरतात. हा नियम सगळ्यांना मान्य नाही हेही खरं. शिवाय शेजारच्या लिथुआनियनमध्ये देवाला 'दिएवास', आपल्या देवचा सख्खा भाऊ, बोग तिथे नाहीच. माझं मत विचाराल तर शब्द घरचा असेलही पण देव हा अर्थ इराण्यांच्या संगतीने चिकटला.

जुनापाना: हो, हे पटतंय. संगतीचा विषय निघालाच आहे तर बोग्दान हे नाव बघा, देवाने दिलेला. महाभारतातला प्राग्ज्योतिषाचा राजा भगदत्त, तेच दोन तुकडे! बगदादचा अर्थही बहुतेक लोक असाच लावतात.

शब्दखोर: भारीच! मग 'बगातीर', त्यांच्या लोककथांमधले वीर, ते पण श्रीमंतवाले बगाती का?

काठावरचा: नाही हो, तिथे सगळेच फसतात. तो तुर्की-मंगोल 'बगातुर', स्टेपमधून, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांतून आलेला. तोच फारसीतून आपल्याकडे आला तो बहादूर. भगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि एक, रशियन बोलताना 'बोग' म्हणू नका, शेवटी ख सारखा घासून 'बोख' म्हणतात, पण षष्ठीत 'बोगा', तिथे ग परत येतो.