केतुबातले 200 झूझ ठेवायचे की काढायचे?

अलिबागवाला
काल इथे आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, समाजातल्या एका मुलीनं लिहिलं की डिसेंबरात तिचं ठाण्याला लग्न आहे, पण केतुबाचा, म्हणजे ज्यू लग्नकराराचा, जुना अरामी भाषेतला मजकूर तिला नको, कारण तो 'बाईची किंमत ठरवणारा कागद' आहे. त्याजागी दोघांनी मिळून प्रेमाची वचनं लिहिलीत, इंग्रजीत. खाली सगळ्यांनी वाहवा केली. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुली, केतुबातले 200 झूझ, म्हणजे जुनी चांदीची नाणी, ही किंमत नाही, घटस्फोट झाला किंवा नवरा गेला तर बायकोला द्यायचं नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे. ज्याच्याजवळ 200 झूझ आहेत त्यानं शेतात गरिबांसाठी सोडलेलं धान्य उचलायचं नाही, असं मिश्ना, आपला जुना धर्मनियमांचा संग्रह, सांगते. म्हणजे तेवढ्यात एका माणसाचं वर्ष निघायचं. पूर्वी ही रक्कम बायकोच्या माहेरी वेगळी काढून ठेवत. नवरा चिडला की म्हणायचा, घे तुझी केतुबा आणि चालू लाग. म्हणून शिमोन बेन शेताह या जुन्या विद्वानानं नियम केला की पैसे बाजूला ठेवायचेच नाहीत, नवऱ्याची सगळी मालमत्ताच तारण. अगदी खांद्यावरच्या झग्यापर्यंत. आजही तेच वाचतो आपण. बाईला सोडणं नवऱ्याला सोपं जाऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

आणि 'मी कष्ट करीन, तुझा मान राखीन, तुला पोशीन' हे त्यात आहेच की. तुमच्या वचनांत याहून जास्त काय आहे ते सांगा.

डिसेंबरची नवरी
काका, मी न वाचता बोलत नाही. आपल्याकडे प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांकडे दोन संध्याकाळी बसून शब्दन् शब्द समजून घेतलाय.

कर्ज आहे, मान्य. पण 200 कोणाला आणि 100 कोणाला? 'बेतुल्ता', म्हणजे कुमारी, असेल तर 200. मंडपात सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या कौमार्याचा उच्चार कशाला? नवऱ्याबद्दल असा एक तरी शब्द आहे का? माझ्या ताईचं दुसरं लग्न झालं तेव्हा 'घटस्फोटिता' हा शब्द आणि अर्धा आकडा मोठ्यानं वाचला गेला. कुणीतरी हौसेनं मराठीत अर्थही सांगितला. ताईनं मान खाली घातली ती फोटोंतही तशीच आहे. तुम्ही शिमोन बेन शेताहची गोष्ट सांगता, मला तो फोटो दिसतो.

पुण्याचा आजोबा
माझा मुद्दा वेगळाच आहे. इंग्रजी कशाला? अरामी नको तर मराठी लिहा! 1846 साली मुंबईत आपल्या लोकांनी मराठी अर्थासकट हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली, 1874 ला पुण्यात चित्रांसकट. मलिद्याच्या ताटापाशी बसून आपण संदेष्टा एलियाहू हन्नाबीचं स्मरण मराठीत करतो, भांडतो मराठीत, आणि लग्नाचा कागद मात्र इंग्रजी? माझ्या नातवंडांना 'मशीद' म्हटलं की आपलं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, समजत नाही, घरात समजावून सांगावं लागतं. असं तुटत तुटत जातं सगळं.

बेअरशेवाची मावशी
भाषा बिषा नंतर. तुम्ही भारतात बसून हौसेनं मजकूर बदला, पण उद्या मुलं इकडे इस्रायलला आली की तोच कागद टेबलावर मागतात.

माझ्या आईबाबांचं लग्न 1962 चं. त्याच वर्षी इथले मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यित्झाक निस्सिम यांचे आदेश निघाले होते की बेने इस्रायलींचं लग्न लावायचं तर आई, आजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. आईच्या बाजूनं कुणी परकं मिसळलंय का, वेळेवर गेट, म्हणजे धार्मिक घटस्फोट, झाले होते का. फक्त आपल्यालाच! आजीनं रेवदंड्याहून ट्रंकेत गुंडाळून आणलेली केतुबा रब्बींच्या कचेरीतल्या कारकुनानं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, हे खरं कशावरून? आजी त्यानंतर त्या इमारतीच्या रस्त्यानं कधी गेली नाही.

पुण्याचा आजोबा
ताई, गेलात कशाला मग? इथे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, तुम्ही ज्यू कशावरून म्हणून. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणायचे, तेही मानानं.

बेअरशेवाची मावशी
'गेलात कशाला' हे मला विचारू नका. आम्ही आपल्या देशात आलो होतो. आणि गप्प बसलो नाही. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला ठिय्या देऊन बसली, माझे बाबा त्यांत होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, काही फरक नाही. मग त्या आदेशांतून आपलं नाव काढलं गेलं. तुम्ही तेव्हा पुण्यात आरामात होतात.

पुण्याचा आजोबा
आराम? आमच्या मशिदीत दहा पुरुष जमेनात, प्रार्थनेला लागणाऱ्या त्या मिन्यानसाठी मी पावसात घरोघर दारं ठोठावलीत. जाणारे गेले, दिवा लावायला आम्ही राहिलो.

अलिबागवाला
दोघंही थांबा. धागा केतुबाच्या शब्दांचा आहे. पण मावशी, तुमच्या आजीची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. सगळ्यांचा मजकूर एक असतो म्हणूनच तो कुठेही चालतो. उद्या प्रत्येक जोडप्यानं आपापलं लिहिलं तर त्या टेबलावर काय ठेवणार?

दादरची वकील
मजकूर तरी एक कुठाय? अश्केनाझी, म्हणजे युरोपाकडचे ज्यू, म्हणतात हे 200 झूझ तोराहनं, मूळ धर्मग्रंथानं दिलेत; सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेनकडचे, लिहितात विद्वानांनी ठरवले. तरी दोन्ही चालतात.

तुम्ही सगळे आकड्यावर भांडताय, पण खरी अडचण गेटची आहे. नवऱ्यानं गेट दिला नाही तर बाई अडकून राहते, 200 झूझ असोत की दोन लाख. मी अशी एक बाई अशील म्हणून पाहिली आहे. कोर्टाचा घटस्फोट हातात, आणि तिच्याशी लग्न लावायला एकही हझान तयार नाही. अकरा वर्षं. भारतात हिंदूंना 1955 चा कायदा आहे, पारशांना 1936 चा, ख्रिश्चनांना 1872 चा. ज्यूंच्या लग्नाला असा वेगळा कायदाच नाही, सगळं रूढीवर. म्हणून कागदात काय लिहिलंय याला आपल्याकडे जास्त वजन हवं.

अमेरिकेतले ज्यू विद्वान शाऊल लिबरमन यांनी 1950 च्या दशकात केतुबात एक कलम घातलं की वाद झाला तर दोघंही धर्मन्यायालयापुढे येतील. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयानं 1983 मध्ये तसं कलम बंधनकारक मानलं. ऑर्थोडॉक्स रब्बी ते कलम घेत नाहीत, पण अमेरिकेत त्यांच्याकडेही वेगळा लग्नपूर्व करार आहे. वेगळे झाल्यावर गेट देईपर्यंत नवऱ्यानं रोजची ठरावीक रक्कम पोटगी म्हणून द्यायची. तुमच्या प्रेमाच्या वचनांत हे आहे का, मुली?

डिसेंबरची नवरी
नाही. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अलिबागवाला
वकीलबाई, लग्नाच्या आधीच घटस्फोटाची कलमं? नवरी घरात यायच्या आधी बाहेरचा रस्ता दाखवायचा?

दादरची वकील
तुमचे 200 झूझ काय आहेत मग? घटस्फोटाचं किंवा नवऱ्याच्या मृत्यूचं देणंच ना? तुम्हीच वर लिहिलंत.

अलिबागवाला
हो, लिहिलंय. ठीक आहे, वेगळा करार असू दे. त्याला माझी हरकत नाही, एवढंच म्हणतो. आणि त्या एका शब्दाबद्दल सांगायचं तर, ताईच्या फोटोचं वाचून वाईट वाटलं. माझ्या बहिणीचंही दुसरं लग्न होतं, आम्ही कुणी तिला विचारलं नाही की ऐकताना काय वाटलं. 'बेतुल्ता'च्या जागी नुसतं 'नवरी' चालेल का हे तू रब्बींना विचार, मी आड येणार नाही. पण 'मान राखीन, पोशीन' आणि तारण, ही वाक्यं काढायला मी कधीच हो म्हणणार नाही.

डिसेंबरची नवरी
ती मलाही आवडतात, काका. काल रागात सगळंच नको म्हटलं. अरामी केतुबा राहू दे, शब्दाचं विचारते. वचनं वेगळ्या कागदावर, मराठीत, आजोबांसाठी. करार वकीलताईंकडून. पण अर्थ मोठ्यानं सांगायचा नाही, ही अट माझी.

पुण्याचा आजोबा
मराठी मजकूर तपासायला मला पाठव. शुद्धलेखन मी बघतो.

बेअरशेवाची मावशी
आणि नावं नीट लिहा गं. माझ्या पणजोबांचं एका कागदावर सामाजी, दुसऱ्यावर शमुएल. माणूस एकच, हे सिद्ध करायला आईला दोन वर्षं लागली. हिब्रू नाव, घरचं नाव, दोन्ही घाला. साक्षीदार दोघंही नात्याबाहेरचे बघा. आणि कागदाचा चांगला फोटो काढून मला पाठवून ठेव, इकडेही एक प्रत असू दे.