मदत हवी आहे : धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) दाव्यात नेमकं काय लिहायचं?

मंडळी, शेजाऱ्याने आमच्या वावराचा धुरा कोरत कोरत आत आणला. आता आमच्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) दोन तासांवर (ओळींवर) त्याचा वखर फिरतो. सरकारी मोजणीत अतिक्रमण निघालं. ताब्यासाठी बाबांच्या नावाने दिवाणी दावा टाकायचा आहे. वकीलसाहेबांनी हकीकत लिहून आणायला सांगितली.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6 नियम 2 म्हणतो, महत्त्वाची तथ्यं लिहा, पुरावा नको. आदेश 7 नियम 3 प्रमाणे गट नंबर, चतुःसीमा (चारही बाजूंच्या हद्दी) टाकल्या. पण दाव्याचं कारण (ज्या घटनेमुळे दावा करता येतो ती) कधी घडलं म्हणायचं? धुरा कोरला तेव्हा, की मोजणी झाली तेव्हा? कारणच दिसलं नाही तर आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) नामंजूर होतं, बाबांना तीच धास्ती आहे. आणि गेलेल्या तुकड्याची चतुःसीमा वेगळी द्यावी, की मोजणीचा नकाशा जोडला तर भागतं? असे दावे लढलेल्यांनी कृपया सांगा.