खिळा ठोकायची बंदी, आणि आजीचा फोटो

वाटेवरची:
मंडळी, गेल्या महिन्यात गुहागरचं घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी आजीचा एक कृष्णधवल फोटो मिळाला. पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा दुमडलेला. आजी विहिरीच्या काठावर उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे न बघता कोणावर तरी ओरडतेय. घरात तिचा दुसरा फोटो म्हणजे तो हार घातलेला. त्यात ती आजी वाटतच नाही.

हा पुण्याच्या घरात लावायचाय. घर भाड्याचं, मालकांनी खिळ्याला सक्त मनाई केलीय. बाजारातली सोनेरी प्लास्टिकची फ्रेम मला नको. त्याच ट्रंकेत बाबांची शाळेतली दगडी पाटी निघाली (दगडाला आडवा तडा, लाकडी चौकट धड) आणि आजीची पिठाची चाळण, पत्र्याच्या कडेची, जाळी फाटलेली. यातलं काही जमेल का? हातात कला शून्य. फेव्हिकॉल आहे.

रिकामाडबा:
सीडीच्या जुन्या डब्या आहेत का? आत कव्हरच्या जागी १२ सेंमीचा चौकोनी फोटो बसतो. उलट्या उघडून टेबलावर ठेवल्या की आपोआप उभ्या राहतात. आमच्या टीव्हीशेजारी सहा आहेत.

जुनाखिळा:
ताई, फेव्हिकॉल आधी कपाटात ठेवा.

कोल्हापुरात वीस-बावीस वर्षं तसबिरी मढवल्या, म्हणून हक्काने सांगतो. लोक चौकटीचा विचार करतात आणि फोटोचा जीव घेतात. अशा फोटोवर जिलेटिनचा थर असतो. हवा दमट झाली की तो मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मग सोडवायला गेलात की चेहरा काचेवर आणि कागद हातात. माझ्याकडे एकजण वडिलांचा असाच फोटो घेऊन आला होता. मी काहीही करू शकलो नाही, पैसेही घेतले नाहीत.

म्हणून फोटो स्कॅन करा, मॅट कागदावर प्रत काढा आणि प्रतच मढवा. मूळ फोटो कागदी पाकिटात घालून जाड पुस्तकात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते.

आता पाटी. हे काम सोपं आहे. चौकटीला आतून खाच असते, दगड त्यात सरकवलेला असतो. एका बाजूच्या पट्टीचे कोपऱ्यातले खिळे हलक्या हाताने सैल करा, दगड बाहेर येईल. त्या जागी दोन मिलिमीटरची काच, तिच्यामागे मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, मग फोटो, मग पाठीला पातळ पुठ्ठा. खिडकीचा पुठ्ठा शोभेसाठी नाही, तो काच आणि फोटो यांच्यात फट ठेवतो. खाचेत सगळं मावलं नाही तर पाठीचा पुठ्ठा मागून चार टाचण्यांनी अडवा. फोटो चिकटवायचा नाही, कागदाचे त्रिकोणी खिसे करून कोपरे त्यात खोचा.

चाळणीला गंज असेल तर तिच्या नादी लागू नका. गंज कागदात उतरतो.

कोकणमेवा:
गुहागर म्हणजे शेजारचेच! खळ वापरायचा मोह झाला तर आवरा. आमच्याकडे एका पावसाळ्यात कसरीने खळ खाता खाता काकांचा अर्धा कोटही खाल्ला. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, ते उगाच नाही.

खिळ्याला उपाय म्हणजे ताटाळं! स्टीलचं, ताटं उभी ठेवायचं. त्यात चौकटी उभ्या छान राहतात. ओट्यापासून मात्र लांब.

पैठणीचा_काठ:
पाटीला साडीचा काठ लावा ना कडेने! माझ्या पणजीने लक्ष्मीच्या छापील चित्रावर खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. रविवर्म्याचा छापखाना १८९४ला निघाला, त्यानंतर अशी चित्रं घरोघरी गेली आणि बायकांनी देवींना हौसेने साड्या नेसवल्या. जर काळी पडलीय, पण काढायची कोणाची हिंमत नाही.

जुनाखिळा:
काठ लावा, पण काचेच्या बाहेर, लाकडावर. आणि त्या पाटीवर काही कोरलेलं असेल तर ते झाकू नका.

वाटेवरची:
झालं! काका, कोरलेलं होतं. आतल्या बाजूला करकटकाने बाबांच्या नावाची आद्याक्षरं आणि एक बदक. बाबांना विचारलं तर म्हणाले, बदक नाही, ते गुरुजी आहेत.

काचेला मात्र तीन फेऱ्या पडल्या. मी पट्टीने मोजून माप दिलं, काच एका बाजूने अडकली. पाटी काटकोनात नव्हतीच. शेवटी काचवाल्याने चौकट कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवली आणि तशी तिरकी काच कापून दिली. काठ नाही लावला, बदक झाकलं जात होतं.

आजी आता ताटाळ्यात उभी आहे, डावीकडे किंचित कललेली. चाळणीला खरंच गंज आहे. नवी जाळी बसवून देणारं कोणी पुण्यात माहीत आहे का? पीठच चाळेन म्हणते.