‘ॲटिट्यूड’ : अंगाचा की मनाचा?

प्रश्न : नाशिकच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांच्या एका जुन्या इंग्रजी वर्णनाचे भाषांतर करताना ‘ॲटिट्यूड’साठी मी ‘दृष्टिकोन’ हा शब्द योजला आणि ‘धर्मोपदेशाच्या दृष्टिकोनातील बुद्ध’ अशी विचित्र रचना झाली. येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : येथे ‘धर्मोपदेशाच्या मुद्रेतील बुद्ध’ असेच लिहावे, कारण मूळ लेखक बुद्धाच्या मताविषयी नव्हे, तर मूर्तीच्या हातांच्या ठेवणीविषयी सांगत आहे. लॅटिनमध्ये ‘आप्टुस’ म्हणजे जुळणारा, योग्य. त्यापासून झालेला ‘आप्टिट्यूडो’ इटालियनमध्ये ‘आत्तितुदिने’ झाला आणि फ्रेंचमार्गे 17व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला, तो चित्रकार-शिल्पकारांची परिभाषा म्हणून. चित्रातील वा शिल्पातील आकृतीची अंगस्थिती एवढाच त्याचा अर्थ होता; पुढे मनातील भाव दाखवणारी अंगस्थिती आणि त्यानंतर केवळ मनाचा कल, असा तो सरकत गेला. (‘ॲप्टिट्यूड’ हे त्याचेच सख्खे भावंड.) आपले मूर्तिशास्त्र याबाबतीत अधिक काटेकोर आहे : बसण्याची रीत ते आसन, हातांची ठेवण ती मुद्रा आणि उभी मूर्ती ती स्थानक. म्हणून मूर्तीकडे नीट पाहिल्याशिवाय या शब्दाचे भाषांतर करू नये.

जुना अर्थ लोपलेला नाही. नाशिकजवळच्या आपल्या ओझरला विमाने तयार होतात. त्या क्षेत्रात विमानाचे नाक क्षितिजाच्या वर आहे की खाली, पंख कोणत्या बाजूला कलले आहेत, या स्थितीला आजही ‘ॲटिट्यूड’च म्हणतात.

प्रश्न : मग ‘तिला फार ॲटिट्यूड आहे’ याचे काय?

उत्तर : तेथे ‘ताठा’ किंवा ‘तोरा’. मानसशास्त्रात ‘अभिवृत्ती’ रूढ आहे आणि ती तेथेच शोभते. मला स्वतःला ‘ताठा’ फार महत्त्वाचा वाटतो, कारण ताठ मानेवरून मनाच्या गर्वाकडे जाणारी वाट मराठीने स्वतःच काढली आहे. ‘पवित्रा’ही तसाच : दांडपट्ट्यातील आणि कुस्तीतील पायांची ठेवण सांगणारा हा शब्द आता ‘कांदा उत्पादकांनी आक्रमक पवित्रा घेतला’ अशा बातमीत भूमिकेचा अर्थ देतो. ‘दृष्टिकोना’त केवळ पाहणे आहे, उभे राहणे नाही, त्यामुळे जेथे माणूस एखाद्या प्रश्नावर ठामपणे उभा आहे, तेथे तरी ‘पवित्रा’ किंवा ‘भूमिका’ वापरावी.