झॅक मेयो प्रेमपटाचा नायक म्हणून पटतो का?

रानवाट
टेलर हॅकफर्डचा 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन' (१९८२) अनेकांच्या आवडत्या प्रेमपटांत असतो. मला त्यातलं प्रशिक्षण पटतं, प्रेम पटत नाही, आणि कारण रिचर्ड गिअरचा झॅक मेयो. नौदलाच्या वैमानिक-अधिकारी प्रशिक्षणात हा गडी चकाकवलेले बूट नि बक्कलं छतात लपवून सोबत्यांना विकतो. तपासणीच्या तोंडावर पेरीमन हा सोबती एक बक्कल मागतो, तर नकार देतो. तेही एकवेळ चालेल. पण प्रेयसी पॉलाच्या घरी जेवून आल्यावर तिच्याशी बोलणंच बंद! शेवटी थेट ती काम करते त्या कागद कारखान्यात जाऊन तिला उचलून नेतो. मधे माफीचा एक शब्द नाही.

गारगोटी
तो आवडू नये अशीच पटकथा रचली आहे. आईने आत्महत्या केलेली, बाप खलाशी, बालपण फिलिपिन्समध्ये त्याच्या आसऱ्याला. कुणावर विसंबायचं नाही, हे पोरगं तिथेच शिकलं. बक्कलांचा धंदा त्याचाच भाग. तो उघडकीला आल्यावर प्रशिक्षक सार्जंट फॉली शनिवार-रविवार त्याला पिळून काढतो, तेव्हा कुठे 'मला जायला दुसरी जागा नाही' हे बाहेर पडतं. त्यानंतरच अडथळ्यांच्या शर्यतीचा प्रसंग येतो. विक्रम हाताशी असताना तो थांबतो आणि सोबत प्रशिक्षण घेणाऱ्या सीगरला भिंत चढायला लावतो. त्यातून त्याला काहीही मिळणार नसतं. आधीचा मेयो थांबला नसता.

रानवाट
भिंतीचा प्रसंग उत्तमच आहे, पण तो सीगरसाठी. फॉली, सीगर, जिवलग मित्र सिड... त्याचा प्रत्येक बदल छावणीच्या आत घडतो. पॉलाच्या वाट्याला तसा एकही प्रसंग नाही. सिडच्या मृत्यूनंतर फॉलीशी मारामारी, मग दीक्षान्त, पहिली सलामी देणाऱ्या फॉलीला रिवाजाचं चांदीचं नाणं आणि लगेच कारखाना. या साखळीत एक कडी कमी आहे.

तिसरी_घंटा
ती कडी पॉलाच्या आईच्या कहाणीत आहे. पॉलाचा खरा बाप असाच एक प्रशिक्षणार्थी होता, आईला सोडून गेलेला. दुसरीकडे पॉलाची मैत्रीण लिनेट हिच्यासाठी सिड प्रशिक्षण सोडतो, आणि तिला वैमानिकच हवा असल्याने ती त्याला नाकारते. म्हणजे अधिकारी झाल्यावर पोरगी मागे टाकायची, ही त्या गावची रीतच. मेयो हुद्दा मिळाल्यावर, पांढऱ्या गणवेशात, सगळ्यांदेखत परत येतो. पॉलाच्या बापाने केलं त्याच्या नेमकं उलट. इथे माफीचे संवाद घातले असते तर प्रसंग पातळ झाला असता. डेब्रा विंगरचा चेहरा बघा, तिला ऑस्करचं नामांकन उगाच नव्हतं.

रानवाट
विंगरबद्दल दुमत नाही, चित्रपट तीच तोलून धरते. तुमची उलट्या रचनेची बाजूही मजबूत आहे. तरी अडचण राहतेच: तो तिला काही विचारत नाही. भर पाळीत, सगळे बघत असताना, लिनेट टाळ्या वाजवत असताना ती 'नाही' कशी म्हणणार? खुद्द गिअरलाही हा शेवट फार गोड वाटला होता. कारखान्याच्या दाराबाहेर दोघंच असते आणि उत्तर तिने दिलं असतं, तर मी मेयोला नायक मानलं असतं.