फोटोत न आलेलं

फोनमधली जागा संपली म्हणून परवा जुने फोटो खोडायला बसले होते. त्यात एका डिसेंबरातले चौदा फोटो निव्वळ काळे निघाले. पाच मिनिटं डोकं खाजवलं तेव्हा आठवलं, वांगणीला आकाशदर्शनाला गेलो होतो त्या रात्रीचे. थंडीत सतरंजीवर आडवं पडून मृग बघत होतो. रांगेत उभं राहून दुर्बिणीपाशी पोचले तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यानं मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ लावून ठेवला होता. काचेवर कुणी फुंकर मारावी तेवढाच धुरकट डाग. "तिथे तारे जन्माला येतायत," तो म्हणाला, "आणि हा उजेड तेराशे वर्षांपूर्वी निघालाय." म्हणजे आपल्याकडे बदामीचे चालुक्य असताना. मागचे लोक "अहो, चला की आता" म्हणेपर्यंत मी डोळा काढलाच नाही.

काळे फोटो खोडले नाहीत.

तर हा धागा त्यासाठी. आकाश, इमारत, गाणं, कविता, काहीही चालेल. अट एकच, तोंड उघडं राहिलेलं असावं आणि दाखवायला फोटो नसावा. कुठे राहावं, तिकीट किती, हे नको, ते सगळीकडे मिळतं. तुमचं काय झालं ते लिहा.

टीस्क्वेअर

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी गॉथिक शिकवत होते तेव्हा मी शेवटच्या बाकावर सबमिशनची शीट रंगवत होते. तेव्हा जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल म्हणजे परीक्षेपुरती एक स्केच आणि दोन आकडे. सुरुवात १२४८, पूर्ण १८८०.

आठ-नऊ वर्षांनी कोलोनला गाडी बदलायला पन्नास मिनिटं होती. बॅगेचं एक चाक मोडलेलं, पोटात भूक. पावाचं काही मिळतंय का बघावं म्हणून स्टेशनच्या दाराबाहेर आले, आणि समोरच ते. रस्ता ओलांडायचा नाही, वळायचं नाही. स्टेशनच्या अंगावरच उभं आहे. काळपट दगड, दोन शिखरं, १५७ मीटर. मी मागे मागे सरकत फोन आडवा धरला, उभा धरला, शेवटी गुडघ्यावर बसले. मावेना. एका आजोबांनी हातानंच खूण केली, सोडून दे.

मग मात्र वाचून काढलं सगळं. सोळाव्या शतकात काम बंद पडलं तेव्हा दक्षिणेकडचा मनोरा अर्धाच झाला होता, आणि त्याच्या डोक्यावर दगड चढवायची लाकडी क्रेन तशीच राहिली. सुमारे चारशे वर्षं! त्या गावात जन्मून म्हातारे होऊन गेलेल्या कितीतरी पिढ्यांना आपलं चर्च म्हणजे 'वर क्रेन असलेलं' एवढंच माहीत. दर्शनी भागाचा मूळ नकाशा, चार मीटरहून उंच चर्मपत्र, तोही हरवला. एक तुकडा १८१४ मध्ये डार्मस्टाटला सापडला आणि दुसरा दोन वर्षांनी पॅरिसला. ते जोडून पुढचं काम त्याबरहुकूम केलं. आमच्याकडे क्लायंट आठ महिन्यांत तीनदा प्लॅन बदलतो, तर ते असो.

गाडी चुकली हे सांगायला नकोच.

बांधावरून

माझा अनुभव फुकटचा आहे. यवतमाळ जिल्हा, १९९७, मार्च संपत आलेला. सातवीची परीक्षा तोंडावर आणि रोज संध्याकाळी लाइन जायची. कंदिलाला काजळी धरली की आई काच पुसायला घ्यायची, तेवढा वेळ आम्हाला अंगणात सुटी.

त्या दिवशी वायव्येला, गोठ्याच्या छपरावर, तो होता. चांदणीएवढं डोकं आणि वर फेसासारखं पसरलेलं शेपूट. शोधावं लागलं नाही. पाच मिनिटं डोळे सरावले की पांढऱ्या शेपटीच्या बाजूला दुसरी एक, बारीक, निळसर. पांढरी धुळीची आणि निळी वायूची, हे दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं. नावही सांगितलं, हेल-बॉप. आजीकडे तिचं स्वतःचं नाव तयार होतं.

"शेंडेनक्षत्र हाये ते. बोट नको दाखवू."

आजीनं मला सगळं आकाश शिकवलं ते असं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर. बाजेचे चार पाय नीट मोजायला लावायची. पण या पाहुण्यासाठी तिच्याकडे गोष्ट नव्हती. हात जोडून बघत राहिली आणि म्हणाली, "याले मी पह्यल्यांदाच पाह्यतो." मी सांगितलं, सर म्हणाले परत यायला दोन-अडीच हजार वर्षं लागतील. तर म्हणे, "मंग पाहून घे नीट."

आता चौकात हायमास्ट लागलाय. घराघरात इन्व्हर्टर आहे. बाजेचे दोन पाय कसेबसे दिसतात.

*(धागाकर्ती: लाइट गेल्याचे अनुभव अजून कोणाकडे असतील तर जरूर लिहा. हा विषय मला सुचलाच नव्हता.)*

आर. सी. सी.

पेशानं सिव्हिल इंजिनिअर, गाव सोलापूर. आमच्या शाळेच्या सगळ्या सहली विजापूरला. गोल घुमट किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. सज्जात एकानं भिंतीला तोंड लावून काडी ओढल्याचा आवाज काढायचा आणि पलीकडच्यानं ओरडायचं, "आला, आला!" त्यामुळे रोमला ऑफिसच्या कामानं गेलो तेव्हा पॅन्थिऑन या जुन्या रोमन देवळाचं विशेष काही वाटणार नाही अशी खात्री होती. घुमट तो घुमट.

आत शिरलो आणि पाऊस पडायला लागला. आत! माथ्यावर आठ-नऊ मीटरचं गोल भोक आहे, त्याला काच नाही, झाकण नाही. पाऊस त्यातून सरळ एका खांबासारखा खाली येत होता आणि मध्ये दोरी लावून जागा मोकळी केली होती. लोक भोवती गोल उभे, सगळे गप्प. फरशीला मध्ये किंचित फुगवटा आहे आणि बारीक भोकं आहेत. पाणी पसरतं आणि गुपचूप निघून जातं. मी अर्धा तास पाण्याचा निचराच बघत होतो. माझ्या मुलानं शूट केलंय, पण त्यात फक्त ओली फरशी दिसते.

घुमटाचा आतला व्यास ४३ मीटरच्या वर, जमिनीपासून भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. आणि काँक्रीट आहे हो हे, सळीशिवायचं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. त्यांनी खाली जड दगडाची खडी घातली आणि वर जाईल तशी हलकी, माथ्याला तर ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. इतक्या मापाचा बिनसळीचा काँक्रीट घुमट जगात आजही दुसरा नाही. मी ज्या स्लॅबवर सही केली त्यातली एक पाच वर्षांत गळायला लागली होती. घरमालकाचा चेहरा तिथे उभ्या उभ्या आठवला.

खडीसाखर

इंजिनिअरसाहेब, गळती वाचून फार हसले. आमच्याही वरच्यांची गळतेय. आश्चर्य मात्र होत नाही.

मध्यसप्तक

मी लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकत आले. पुण्यात डिसेंबरात शाल घेऊन मांडवात बसायचं, ते सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होते. पाश्चात्त्य संगीत कधी आत उतरलं नाही. मुलगी शिकायला लाइपझिगला गेली म्हणून मीही महिनाभर गेले. ती म्हणाली, आई, शुक्रवारी संध्याकाळी थोमास चर्चला जाऊ, दोन-तीन युरोत होतं.

संगीतकार बाख या चर्चचा संगीतप्रमुख होता, १७२३ पासून १७५० मध्ये जाईपर्यंत. त्याची समाधी आतच आहे, जमिनीत बसवलेला साधा पत्रा आणि त्यावर कुणीतरी ठेवलेली फुलं. मी पायातले बूट काढायला वाकले आणि मुलीनं कोपरानं ढोसलं.

आम्ही वेदीकडे तोंड करून बसलो. मला वाटलं गाणारे समोर येतील. आले नाहीत. एकदम पाठीमागून, वरून, आवाज आला. मुलं मागच्या सज्जातून गातात. गाणारा दिसत नाही, हातवारे नाहीत, 'क्या बात है' म्हणायची सोय नाही. मी आपली सवयीनं षड्ज शोधत होते. एक ओळ धरली तर दुसरी तिच्यावरून निघून जायची, मग तिसरी पहिलीचंच काही उचलून वेगळ्या उंचीवरून म्हणायची. चार जण चार चाली एकाच वेळी गातायत आणि भांडण होत नाहीये! आपल्याकडे एक जण एका सुरात बुडी मारतो, इथे सगळं एकाच वेळी चालू. दहाएक मिनिटांनी मी धरायचं सोडून दिलं. तेव्हा ऐकू यायला लागलं. डोळे कधी भरले ते कळलं नाही, मुलीनं रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं की मुलांचा हा वृंद १२१२ मध्ये सुरू झाला. मी तिथल्या तिथे थांबले. बाराशे बारा? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची! शक आणि सन यांत ७८ वर्षांचा फरक, म्हणजे आपली १२९० ची, हे लक्षात घेतलं तरी हिशेब काही डोक्यातून जाईना. नेवाशाला ओव्या उतरवल्या जात होत्या तेव्हा इथली मुलं ७८ वर्षं गातच होती. मुलगी म्हणाली, आई, योगायोग आहे. असू दे की.

उणे बावीस

ज्ञानेश्वरी निघालीच आहे तर. मी उत्तर स्वीडनमध्ये, किरुनाजवळ दोन हिवाळे काढले. डिसेंबरात तिथे सूर्य काही आठवडे उगवतच नाही. जानेवारीत पहिल्यांदा क्षितिजावर आला तेव्हा ऑफिसातले सगळे बाहेर. मीही चेहरा पुढे करून उभा. सोनेरी, स्वच्छ, डोळ्यांत मावणारा, आणि ऊब म्हणाल तर शून्य. शाळेत रोज पसायदान म्हटलं, त्यातला तापहीन मार्तंड मी नेहमी अशक्य गोष्ट म्हणून घोकला होता. तो असा समोर.

बाकी उत्तरध्रुवीय प्रकाशाबद्दल धाग्याची अट उलटी लागू पडते. फोटोत तो छान हिरवा येतो, डोळ्यांना बरेचदा राखाडी ढगच वाटतो. पहिल्या रात्री मी त्याला ढग समजून झोपायला गेलो होतो. ढग हलायला लागला म्हणून वाचलो.

माजघर

सगळ्यात जुना माझाच असेल. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारवरून जात होता. आम्ही चार मित्र सावंतवाडीहून पहाटेच निघालो. आई आदल्या दिवसापासून बोलत नव्हती.

रस्ते ओस. दुकानं बंद, दारं बंद. दुपारी किनाऱ्यावर आमच्यासारखे वेडे तेवढे होते. उजेड हळूहळू असा झाला की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. कावळे माडांवर परतले. मग समुद्राकडून सावली धावत आली, खरंच धावत, आणि सूर्याच्या जागी काळं भोक, भोवती रुपेरी केस. शुक्र भर दुपारी लखलखत होता. मागे कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. तीन मिनिटंही झाली नसतील, कडेला एक ठिणगी फुटली आणि कोंबडा आरवला. आमच्यातल्या एकाकडे क्लिक थ्री कॅमेरा होता. झाकण काढायचं राहिलं.

रात्री उशिरा घरी पोचलो. आई दारात, मागीलदारी बंबात पाणी तापलेलं. "आधी आंघोळ, मग उंबरठा."

आंघोळ करून जेवायला बसलो तरी मला सांगता येईना. काळं झालं, चांदणी दिसली, एवढंच. ती भात वाढत होती. आमचं घर कौलारू, माजघरात दुपारी कौलांच्या फटींतून कवडसे पडायचे. दारं-खिडक्या लावून ती दिवसभर तिथेच पाण्यात तुळस टाकून जपाला बसली होती.

"इथे सारवलेल्या जमिनीवर," ती म्हणाली, "सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पंचवीस-तीस तरी असतील. एकदमच बारीक होत गेले. मी जप विसरले."